अलगदरावांचा अंगठा

बांधकामावर त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या कागदावर होतं. बाकी सगळे त्यांना अलगदराव म्हणत. पंचेचाळीस मीटर उंचीवर, क्रेनच्या काचेच्या खोलीत बसून हा माणूस दोन टनांचा लोखंडी गजांचा भारा असा खाली ठेवायचा, की तो टेकला की नाही हे बघायला लोकांना वाकावं लागे. एकदा त्यांनी नवव्या मजल्यावर दुकानाच्या दर्शनी भागाएवढी काच उभीच्या उभी आत सरकवून दिली होती. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. दुसरं कोणी सांगायला लागलं की फक्त शेजारी येऊन उभे राहत.

बावीस वर्षं क्रेन चालवली, पण त्यांना ताप आलेला कोणाला आठवत नव्हता. डॉक्टर ही इतरांची सोय आहे, असं त्यांचं मत होतं. तब्येत ठणठणीत असण्याचं खरं कारण शिडी होती. रोज सकाळी एकशे सत्तर पायऱ्या वर आणि दुपारी तेवढ्याच खाली. मग नव्या बांधकामावरची क्रेन लिफ्ट घेऊन आली. पिंजऱ्यात उभं राहायचं आणि बटण दाबायचं. "हे आळशांचं काम," असं म्हणून अलगदराव दोन दिवस शिडीनं गेले. तिसऱ्या दिवशी, फक्त बघायला म्हणून, त्यांनी बटण दाबलं. पायांना तिथून जी सुट्टी लागली ती लागलीच.

घरी चार माणसं. बायको बालवाडीत शिकवायची. दिवसभर तीन वर्षांच्या मुलांशी गाठ असल्यामुळे तिचा आवाज कधी चढत नसे, आणि तिचं न ऐकणंही कोणाला जमत नसे. पंधरा वर्षांची लेक होती. शिवाय सासूबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, आणि त्या गुडघ्यांतली सगळी ताकद जणू डोळ्यांत आणि कानांत जाऊन बसलेली.

खेळाचं यंत्र आलं ते लेकीसाठी. तिच्या मामानं पाठवलं होतं. टीव्हीला जोडायचा काळा खोका आणि दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर. दोन बाजूंनी नांग्या वळलेला तो कंट्रोलर बघून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'खेकडा' ठेवलं. लेक तीन आठवडे खेळली, मग तिला पोहण्याचं वेड लागलं आणि खोक्यावर तिचे ओले टॉवेल वाळायला लागले.

अलगदरावांची पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. तीनला घरी. बायको शाळेत, लेक तलावावर, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या. अशाच एका दुपारी त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि यंत्र चालतंय का ते बघावं म्हणून खेकडा हातात घेतला. यंत्र चालत होतं. त्यात बंदराचा एक खेळ होता. जहाजं येतात, धक्क्यावर क्रेन असते, पेट्या उचलून जहाजावर रचायच्या. अलगदराव मनातल्या मनात हसले. म्हणाले, या पोरखेळात आता आपण काय ते दाखवू.

संध्याकाळी बायको आली तेव्हा ते कोचाच्या टोकावर बसलेले होते.

"अहो, हे काय?"

"खेळ."

"ही क्रेन आहे."

"बंदरावरची. इथे समुद्र आहे."

"सकाळपासून क्रेनवर बसून घरी आलात, ते पुन्हा क्रेनवर बसायला? उद्या मी शाळेतून आल्यावर शेजारची चार पोरं आणून त्यांची नाकं पुसत बसू का?"

त्याच वेळी पडद्यावर अलगदरावांचा क्रमांक झळकला. जगभरातल्या खेळणाऱ्यांत त्यांचा नंबर होता एकसष्ट हजार तीनशे चाळीस. पहिल्या नंबरावर 'मऊपाव' नावाचं कोणीतरी होतं.

तोंडात मारल्यासारखा हा माणूस बसून राहिला. त्यांची चूक एवढीच, की ते खऱ्या क्रेनसारखं खेळत होते. पेटी उचलायची, हेलकावा थांबेपर्यंत थांबायचं, मग हळूच उतरवायची. खेळाला असला सज्जनपणा नको होता. त्याला घाई हवी होती. अलगदरावांनी पेटी अलगद ठेवली की पडद्याच्या कोपऱ्यातून एक कासव यायचं आणि जांभई द्यायचं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी हे भोंग्याला सांगितलं. भोंगा म्हणजे खालून वॉकीटॉकीवर खुणा सांगणारा त्यांचा अकरा वर्षांपासूनचा सोबती. आवाज असा की वॉकीटॉकी बंद असली तरी वर ऐकू जायचा.

"एक कासव आहे," अलगदराव म्हणाले. "मी माल ठेवला की ते जांभई देतं."

भोंग्यानं थोडा विचार केला. "मग तुम्हीही द्या."

पण अलगदरावांना ते कासव जिव्हारी लागलं होतं. रोज तीनला ते बसायला लागले. जेवण मांडीवर आलं. एका हातानं खाता येईल तेवढंच खायचं, चमचा लागेल ते नको. हळूहळू त्यांनी हाताची चाल बदलली. पेटी हिसक्यानं उचलायची, झोका द्यायचा, झोक्यातच सोडून द्यायची. बावीस वर्षांत हाताला लावलेली शिस्त त्यांनी अडीच महिन्यांत मोडीत काढली आणि चार हजार दोनशे बारावा क्रमांक मिळवला. कासव यायचं बंद झालं. आता एक खारूताई टाळ्या वाजवायची.

दुखणं म्हणे हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. अलगदरावांचं आलंच मुळी मुंगीच्या पावलांनी, आणि एकट्या मुंगीच्या नाही, अख्ख्या रांगेच्या.

आधी मान आखडली. त्यांनी उशी बदलली. मग बायकोची उशी घेतली. मग सासूबाईंची. तिन्ही उशा सदोष निघाल्या. मग पट्ट्याची भोकं संपली. "हल्ली चामडं आखूड येतं," असं त्यांनी निदान केलं. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. बांधकामावरची धूळ, दुसरं काय! ती धूळ पंचेचाळीस मीटर वर, बंद काचेच्या खोलीत कशी चढते, हे त्यांना कोणी विचारलं नाही. सासूबाई मात्र समोर खुर्ची टाकून बसत आणि त्यांचा चहा निवेपर्यंत जावयाच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजत.

"जावईबापू, नऊ."

"काय नऊ, आई?"

"एवढ्या वेळात नऊ वेळा डोळे मिटलेत. बेडूकसुद्धा जास्त मिटतो."

एकदा दारावर पार्सलवाला आला. अलगदराव दार उघडायला उठले, तर दोन्ही पाय झोपलेले. ते सरळ चपलांच्या मांडणीत जाऊन पडले. पार्सलवाल्यानं दाराच्या फटीतून विचारलं, "मी नंतर येऊ का?"

सगळ्यात शेवटी अंगठा. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची, सकाळी शर्टाचं बटण लावताना जास्त. अलगदराव डाव्या हातानं बटणं लावायला लागले, आणि मग वरचं बटण लावणंच सोडलं.

आणखी एक गोष्ट झाली, जिची त्यांनी तेव्हा दखलही घेतली नाही. लग्न झाल्यापासून संध्याकाळी नवराबायको कालव्याच्या पुलापर्यंत चालत जात. ते बंद पडलं. "आज पाय दुखतायत," ते म्हणायचे. दिवसभर बसलेल्या माणसाचे पाय. बायको तीन-चार दिवस विचारायची, मग एकटी जायला लागली.

हे सगळं असंच चाललं असतं, पण एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता बेसिनं आली.

बारा पांढरी शुभ्र हात धुवायची बेसिनं एका लाकडी पेटीत बांधलेली होती. ट्रकवरून उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या फळीवर ठेवायची. अलगदरावांच्या दृष्टीनं हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. त्यांनी पेटी उचलली, फिरवली, तिसऱ्या मजल्यासमोर आणली आणि थांबले. पेटी हवेत लटकत राहिली. अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं.

"अलगदराव, खाली घ्या!" वॉकीटॉकीतून भोंगा ओरडला.

"थांब. बाण येऊ दे."

"कोण येऊ दे?"

"हिरवा बाण. कुठे ठेवायचं ते दाखवतो ना, तो."

अकरा वर्षांत पहिल्यांदा भोंग्याचा आवाज हळू निघाला. "अलगदराव, तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलात का?"

आणि अलगदरावांना कळलं आपण काय बोललो ते. हिरवा बाण खेळात येतो. समोर फक्त आकाश होतं. त्यांचे कान तापले. गडबडीनं त्यांनी दांडा ओढला, तो खेळातल्यासारखा, हिसक्यानं. अंगठ्यापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की मूठ सुटायच्या ऐवजी आवळली गेली. पेटीनं मोठा झोका घेतला आणि ती खाली यायला लागली. त्यांनी डाव्या हातानं झोका आवरला, उजव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली, आणि पेटी थांबली तेव्हा ती मुकादमाच्या पत्र्याच्या खोलीच्या छपरावर बसली होती. तीही अलगद. फक्त वजनानं छप्पर खाली वाकत वाकत झोळीसारखं झालं.

खोलीत कोणी नव्हतं. मुकादम बाहेर चहाचा पेला हातात घेऊन उभा होता. त्यानं छपराकडे पाहिलं, वर क्रेनकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, हात धुवायची सोय झाली."

सगळे हसले, पण अलगदरावांना हसू आलं नाही. त्यांनी पेटी नीट फळीवर पोचवली, क्रेन बंद केली, खाली आले आणि कोणी बोलावण्याआधीच इंजिनिअरबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"चूक माझी आहे, बाई. तारेची नाही, वाऱ्याची नाही. अंगठा माझं ऐकत नाही."

इंजिनिअरबाई त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या, पण त्या दिवशी मोठ्या वाटल्या. "डॉक्टरांचा कागद आणा. तोपर्यंत वर जायचं नाही."

दवाखान्यात सासूबाई बरोबर आल्या. त्यांना गुडघ्याची गोळी लिहून घ्यायची होती, असं त्या म्हणाल्या. अलगदरावांची इच्छा होती की त्यांनी बाहेर बसावं. त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या.

डॉक्टरबाईंनी आधी रक्तदाब घेतला आणि भुवई वर केली. मग पोटऱ्या दाबून पाहिल्या. मग मुठीनं दाबायचं एक यंत्र दिलं. डाव्या हातानं काटा एकेचाळीसवर गेला. उजव्या हातानं एकोणीसवर, तोही दात-ओठ खाऊन. मग खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं बसवून ठेवलं. डोळ्यांच्या पाण्यानं ती भिजायला हवी होती. पट्टी जवळजवळ कोरडीच बाहेर आली.

"आता अंगठा मुठीत घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवा."

अलगदराव असे ओरडले की बाहेरच्या बाकावर रडणारं एक तान्हं मूल गप्प झालं.

"व्हिडिओ गेम खेळता?"

अलगदराव चमकले. "थोडा वेळ."

"थोडा म्हणजे?"

"थोडा म्हणजे... विरंगुळा."

"डॉक्टर, मी सांगते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "तीनला बसतात. मी झोपून उठते, बसलेले असतात. माझा चहा होतो, बसलेले. नात पोहून येते, बसलेले. लेक शाळेतून येते, स्वयंपाक करते, आम्ही जेवतो, आवरतो, तरी हे बसलेले. परवा आम्ही त्यांचे पाय उचलून खालचा केर काढला. त्यांना अजून ठाऊक नाही."

"आई!"

"मग? खोटं आहे का?"

डॉक्टरबाईंनी हसू दाबलं आणि पेन खाली ठेवलं. "हे बघा. आठ तास तुम्ही कामावर बसून दांडा धरता. मग घरी येऊन सहा तास बसून पुन्हा तेच. चौदा तास एकाच अंगठ्याची पाळी, त्याला सुट्टी कधी? आतल्या दोऱ्या सुजल्यात. तुमच्या क्रेनला वंगण लागतं ना? डोळ्यांचं वंगण पापणीत असतं. तुम्ही पापणी हलवलीच नाहीत. मान, वजन, रक्तदाब, सगळं त्या बसण्यातूनच आलंय. आणि पाय असे तासन्‌तास लोंबत ठेवलेत तर एखाद दिवशी रक्ताची गाठ व्हायची. ते मात्र हसण्यावारी न्यायचं दुखणं नाही."

"म्हणजे खेळ वाईट."

"खेळ बिचारा काय करतो? अर्ध्या तासानं उठला असतात तर आपली ओळखही झाली नसती."

सहा आठवडे क्रेन बंद. खेकडा बंद. अंगठ्याला पट्टा, डोळ्यांत थेंब, रोज चालणं. अलगदरावांनी सगळं मान हलवत ऐकलं आणि उठता उठता विचारलं, "डाव्या हातानं खेळलं तर?"

डॉक्टरबाईंनी कागद परत घेतला, खाली मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

बांधकामावर त्यांना भोंग्याच्या हाताखाली दिलं. काम काय, तर खाली उभं राहून वर बघायचं आणि खुणा करायच्या. वर दुसऱ्या बांधकामावरून आलेली एक अबोल बाई क्रेन चालवत होती. अलगदराव पहिला दिवस तिच्या चुका शोधत उभे राहिले. संध्याकाळी भोंग्याला म्हणाले, "चांगली ठेवते." हे शब्द बोलायला त्यांना अख्खी दुपार लागली होती.

घरी हाल याहून वाईट होते. तीन वाजले की हात शिवशिवायचे. जेवताना ते मिठाची बाटली उचलत, ताटावर आणून हवेत स्थिर धरत आणि मग हळूच उतरवत. बायको बघत राहायची. टीव्हीच्या आवाजावरून ते सासूबाईंवर खेकसले आणि मग लाजून स्वतःच्या खोलीत जाऊन बसले. खेकडा घरातून नाहीसा झाला होता. लेकीनं लपवला होता.

"माझ्या परीक्षेच्या वेळी तू माझा फोन ठेवतोस ना, बाबा? तसंच."

"मी बाप आहे तुझा!"

"म्हणून सांगून ठेवला. नाहीतर न सांगता ठेवला असता."

दहाव्या दिवशी दुपारी अलगदरावांचा धीर सुटला. घर शांत होतं. लेकीला शाळेत थांबावं लागणार होतं, त्यामुळे तिची पोहण्याची पिशवी दारामागच्या खुंटीला होती, आणि ती जरा जास्तच फुगलेली दिसत होती. ते चोरपावलांनी गेले, चेन उघडली, आत हात घातला.

"काय शोधताय, जावईबापू?"

दारात सासूबाई. गुडघे दुखणारी ही बाई आवाज न करता कशी चालते हे कोडं त्या घरात कोणालाच सुटलेलं नव्हतं. अलगदरावांच्या हाताला जे लागलं ते त्यांनी बाहेर काढलं. पोहायचा निळा चष्मा.

"हे... पोहायला जावं म्हणतो."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्याकडे पाहिलं. चेहरा असा भाबडा केला की तो बघूनच अलगदरावांना धडकी भरली.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. "डॉक्टरांनी नुसतं चालायला सांगितलंय, तर हे पोहायला निघालेत! कौतुक आहे बाई माझ्या जावयाचं."

अजूनही खरं सांगता आलं असतं. पण लेकीनं घास तसाच हातात धरला होता. "खरंच, बाबा? माझ्या तलावावर?" तिचा चेहरा असा उजळला होता, की अलगदरावांच्या तोंडून "हो" कधी गेलं ते त्यांनाच कळलं नाही. बायकोनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई अगदी मन लावून जेवत होत्या.

डॉक्टरबाईंनी फोनवर परवानगी दिली, वर आनंदही व्यक्त केला. अंगठा वापरायचा नाही, फळी कोपरात धरून पाय मारायचे. आता पाय मारायला काय लागतं? पण पंचेचाळीस मीटर उंचीवर चहा पिणारा हा माणूस कमरेएवढ्या पाण्याला घाबरायचा, हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ते कधी पाण्यात उतरलेच नव्हते.

नवशिक्यांच्या वर्गात ते आणि पाच मुलं होती. सगळ्यात मोठं आठ वर्षांचं. अलगदराव पिवळी रबरी टोपी घालून काठावर उभे होते, तेव्हा पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी त्यांच्याजवळ आली.

"तुम्ही कोणाचे बाबा?"

"मी शिकायला आलोय."

"तुम्हाला पोहता येत नाही?"

"नाही."

"एवढे मोठे होऊन?"

ते पाण्यात उतरले आणि काठाची नळी दोन्ही कोपरांनी घट्ट धरली. पोहणं शिकवणाऱ्या बाई गळ्यात शिटी अडकवून समोर उभ्या राहिल्या.

"काका, सोडा."

"सोडतो."

"तुम्ही सोडतो म्हणालात, सोडलं नाहीत."

"सोडतोय."

मुलं रांगेनं पलीकडे जाऊन परत आली. काका सोडतच होते. पहिला आठवडा असाच गेला. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी पाठीखाली हात धरला आणि म्हणाल्या, "अंग सैल टाका. तुम्हाला काहीच करायचं नाहीये." काहीच न करणं हे अलगदरावांनी आयुष्यात केलं नव्हतं. पण एकदा कान पाण्याखाली गेले, आवाज बंद झाले, वर छताचे उंच उंच पत्रे दिसायला लागले आणि मानेतली गाठ साखर विरघळावी तशी सैल होत गेली. बाईंनी हात केव्हाच काढला होता. ते कळल्याबरोबर अलगदराव बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर येऊन खोकत खोकत म्हणाले, "पुन्हा."

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगायला बरं वाटलं असतं. पण चौथ्या आठवड्यात भोंग्यानं दुपारच्या सुट्टीत फोन पुढे केला. बंदराचा खेळ फोनवरही मिळतो, हे त्यानं मोठ्या प्रेमानं शोधून काढलं होतं. "एकच डाव," अलगदराव म्हणाले आणि पट्टा सोडला.

घरी आले तेव्हा अंगठा बटाट्यासारखा सुजला होता. बायको थंड पाण्याचं भांडं घेऊन आली आणि समोर बसली.

"किती वेळ खेळलात?"

"वीस मिनिटं."

बायको काही बोलली नाही. बालवाडीत ती हेच करायची.

"पस्तीस," अलगदराव म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पन्नास असतील."

तिनं त्यांचा हात पुसला आणि पट्टा पुन्हा बांधायला घेतला. रागावली नव्हती, त्यामुळे जास्तच जड गेलं. पट्टा बांधता बांधता म्हणाली, "कालव्यावर दोन बदकं आली होती. पुलाखालीच घरटं केलं होतं. तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्ही त्या जहाजांत असायचात. मग सात पिल्लं झाली. तेही राहिलं सांगायचं. आता ती पिल्लंसुद्धा मोठी झाली, आईपासून वेगळी ओळखू येत नाहीत."

अलगदरावांना अडीच महिन्यांचे सगळे क्रमांक आठवत होते. संध्याकाळी बायको कोणत्या वेळेला बाहेर पडायची, तेवढं मात्र आठवेना. त्यांनी बरंच डोकं खाजवलं. मग उठून बूट घातले.

"आत्ता? हात दुखतोय ना?"

"पाय तर दुखत नाहीत," ते म्हणाले.

पुलापर्यंत जाताना त्यांना दोनदा थांबून दम खावा लागला. बायको थांबली आणि बदकांबद्दल सांगत राहिली. पुलावर पोचले तेव्हा नऊ बदकं पाण्यात होती. त्यातली आईबाप कोणती यावर दोघांचं भांडण झालं. चांगलं, जुन्या पद्धतीचं भांडण. घरी येईपर्यंत पुरलं.

त्या पन्नास मिनिटांपायी सहाचे आठ आठवडे झाले. मग डॉक्टरबाईंनी पुन्हा यंत्र दाबायला दिलं. उजवा हात छत्तीसवर गेला. कागदाची पट्टी अर्धी भिजली. रक्तदाब उतरला होता, कमरेच्या पट्ट्याला एक जुनं भोक परत मिळालं होतं. "थंडीत अंगठा कुरकुर करेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेवढी ऐकून घ्या."

कामावर परतले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत लिफ्ट नाकारली आणि शिडी धरली. साठाव्या पायरीला शिडीच्या कठड्यावर जरा टेकले आणि भोंग्याला वॉकीटॉकीवर हळूच विचारलं की लिफ्ट मध्येच कुठे थांबते का. भोंग्यानं हे त्याच्या नेहमीच्या आवाजात मुकादमाला विचारलं. पूर्ण एकशे सत्तर पायऱ्या चढायला त्यांना आणखी महिना लागला. त्या अबोल बाईनं क्रेन सोपवताना खुर्ची पुसून ठेवली होती.

खेळाचं यंत्र घरातून गेलं नाही. रविवारी सकाळी अर्धा तास लेक खेकडा हातात देते आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ लावते. घड्याळ वाजलं की अलगदराव उठतात. पेटी हवेत लटकत असली तरी उठतात, जरी उठताना त्यांचा चेहरा बघवत नाही. क्रमांक पुन्हा कासवाच्या प्रदेशात गेला आहे.

पोहणं मात्र चालू राहिलं. वर्गाच्या शेवटी बाईंनी सगळ्या नवशिक्यांची शर्यत ठेवली, तलावाच्या रुंदीएवढीच. काठावर पालक बसले होते. पालकांत सासूबाई पहिल्या ओळीत होत्या. शिटी वाजली. पाच मुलं आणि एक क्रेनवाला पाण्यात सुटले. अलगदरावांनी डोळे मिटून पाय मारले, इतके मारले की पहिल्या ओळीतल्या सगळ्यांच्या साड्या, सदरे भिजले. हात टेकला तेव्हा चार मुलं आधीच काठावर बसून पाय हलवत होती. पण एक मागे होतं. एक नक्की मागे होतं. त्यांनी दोनदा वळून खात्री केली.

"पाचवा!" लेक काठावरून ओरडली.

दोन दात पडलेली मुलगी पहिली आली होती. ती पुन्हा पाण्यात उतरून त्यांच्याजवळ आली आणि गंभीरपणे म्हणाली, "काका, तुम्ही पाणी फार उडवता. श्वास घ्यायला पण विसरता."

"कुठे विसरतो?"

"मधे. मी बघत होते. तीनदा घ्यायचा, तुम्ही एकदाच घेतलात."

अलगदराव धापा टाकत होते. डोळे लाल होते, टोपी एका कानावर आली होती. "मग दाखव कसा घ्यायचा," ते म्हणाले. मुलीनं मान बाजूला वळवून दाखवलं, आणि ते काठाला धरून तसंच करून बघायला लागले. सासूबाई वरून ओला पदर पिळत होत्या आणि शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "हे आमचे जावई. स्वतःच्या मनानं आलेत हो पोहायला, कोणी सांगितलंसुद्धा नाही."